ओझरची धावपट्टी मोकळी, मग विमान का थांबलं?

हिवाळ्यात आईला घेऊन दिल्लीला निघालो होतो. नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावर त्या वेळी आमचं एकच विमान उभं. दरवाजे बंद झाले, पट्टे आवळून झाले, हवाईसुंदरीचे हातवारे झाले, आणि मग काहीच होईना. दहा मिनिटांनी पायलटचा आवाज आला: दिल्लीच्या हवाई वाहतुकीमुळे आपल्याला ३५ मिनिटांनंतरची वेळ मिळाली आहे. आईने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर तीन किलोमीटरची धावपट्टी, तिच्यावर चिटपाखरू नाही. "अरे, रस्ता तर मोकळा आहे सगळा. आपल्या नाशिकच्या द्वारका सर्कलला अडकलो असतो तर समजलं असतं. आकाशात कसला आलाय ट्रॅफिक जाम?"

"असतं गं तसं," एवढंच मी म्हणालो. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्याचा बराचसा भाग ओझरला किंवा दिल्लीत नाही, तर ब्रसेल्स, लंडन, केरळातलं थुंबा अशा ठिकाणी सापडतो. तेच आता सवडीने सांगतो.

आकाशात जागेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो धावपट्टीवरच्या मिनिटांचा आणि जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरच्या लक्षाचा. आधी मिनिटांचं बघू. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरायची, आणि गर्दीच्या तासाला उतरणारी नि उडणारी मिळून पंचेचाळीसच्या आसपास विमानं, बस्स. दिल्लीत धुकं पडलं की दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि तासाला उतरणाऱ्या विमानांचा आकडा घसरतो. पण निघालेली विमानं वाटेत असतातच. मोटारीसारखं कडेला घेऊन इंडिकेटर लावून थांबायची सोय विमानाला नाही. ते हवेत थांबतं म्हणजे इंधन जाळत घिरट्या घालतं. त्यापेक्षा ते निघालंच नाही तर बरं. म्हणून देशभरच्या विमानांचा हिशेब दिल्लीतल्या एका केंद्रात मांडला जातो. कोणाला किती वाजता उतरायला मिळेल ते आधी बघायचं, त्यातून प्रवासाचा वेळ वजा करायचा आणि उरेल ती निघायची वेळ त्याला कळवायची. आमची ३५ मिनिटं त्या वजाबाकीतून आली होती.

नाशिककराला ही वजाबाकी नवी नाही. सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्राममधून आखाड्यांच्या मिरवणुका रामकुंडाकडे निघतात. साधू कितीही आले तरी रामकुंड काही मोठं होत नाही. म्हणून प्रत्येक आखाड्याची निघायची, स्नानाची आणि घाट सोडायची वेळ आधीच बांधून दिलेली असते. २००३च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. गर्दी घाटावर आवरू म्हटलं तर उशीर झालेला असतो, ती तपोवनातच आवरावी लागते. ओझरला थांबवलेलं विमान म्हणजे तपोवनात थांबवलेला आखाडा.

कंट्रोलरच्या लक्षाचं गणित जास्त अवघड. भारताच्या जबाबदारीतलं आकाश समुद्रावरचं धरून सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई असे त्याचे मोठे विभाग, आणि प्रत्येक विभागाचे आणखी तुकडे. त्यांना म्हणायचं सेक्टर. एका सेक्टरमधली विमानं एक कंट्रोलर आपल्या सोबत्याच्या मदतीने सांभाळतो. रडारच्या टप्प्यात मोठ्या मार्गांवर दोन विमानांत साधारण ५ सागरी मैलांचं अंतर हवं, नाहीतर उंचीत १,००० फुटांचं. एका माणसाच्या डोक्यात अशी डझन-दीड डझन विमानं मावतात, फार जास्त नाही. मग सेक्टर आणखी लहान करा, कंट्रोलर वाढवा, असं सहज सुचतं, आणि बरीच वर्षं तेच केलं गेलं. पण एका सेक्टरमधून दुसऱ्यात जाताना दर वेळी पायलटने रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायची, नवीन कंट्रोलरला नमस्कार-चमत्कार करायचा, त्याने सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं. तुकडे इतके लहान करता येतात की विमान आत शिरून हॅलो म्हणेपर्यंत बाहेर पडायची वेळ झालेली असते. एका मर्यादेपुढे माणसं वाढवली की कामच वाढतं. हे सरकारी कार्यालयात गेलेल्या कोणालाही पटेल.

म्हणजे पद्धतच बदलायला हवी. सध्याची गंमत अशी की एकाच विमानाबद्दल चार ठिकाणी चार अंदाज असतात. विमानातल्या संगणकाला नेमकं माहीत असतं की आपण अमुक ठिकाणी अमुक वाजून अमुक सेकंदांनी पोचणार. जमिनीवरच्या संगणकाचा आपला वेगळा अंदाज, विमान कंपनीचा तिसरा, आणि सामान उतरवायला ट्रॉल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांचा चौथा. हे चारही एकच करायचे, कुठे, किती उंचीवर, किती वाजता याचा एकच आराखडा सगळ्यांपुढे ठेवायचा, आणि तोंडी बोलण्याऐवजी तो यंत्रांनी एकमेकांना पाठवायचा. आधुनिकीकरण म्हणतात ते मुख्यतः हेच. १० फेब्रुवारी २०१२ रोजी एअरबसच्या एका ए३२० चाचणी विमानाने तुलूजहून कोपनहेगन आणि स्टॉकहोमपर्यंत जाऊन हे करून दाखवलं. वाटेतल्या ठरलेल्या बिंदूवर ठरलेल्या वेळी पोचायचं विमान आणि जमीन यांनी आपसात ठरवलं आणि पाळलं.

तू हो पुढे, मी आलोच

एवढं जमलं तर मग अडलं कुठे? विमान कंपनी म्हणते, जमिनीवर यंत्रणा नसताना मी विमानात महागडी उपकरणं का बसवू? जमिनीवरचे म्हणतात, विमानांत उपकरणंच नाहीत तर आम्ही कोणासाठी खर्च करू? उपकरणं बनवणारे म्हणतात, आधी मापदंड ठरवा, मग बनवतो. मापदंड ठरवणारे म्हणतात, आधी चालतं हे दाखवा. घोडनवऱ्याचं लग्न जमवायला बसल्यासारखं सगळे एकमेकांकडे बघत राहतात.

युरोपने २००७ मध्ये या सगळ्यांना एका मांडवात आणलं. त्या संस्थेचं नाव सेसार. युरोपीय संघ आणि तिथल्या हवाई वाहतुकीचा ताळमेळ बघणारी युरोकंट्रोल ही संस्था हे तिचे संस्थापक. पुढे तिच्यात वेगवेगळ्या देशांच्या हवाई वाहतूक सेवा आल्या, विमानतळ आले, आणि एअरबस, थालेस, इंद्रा, फ्रेक्वेंटिस असे उत्पादकही आले. यातले काही उत्पादक एरवी एकमेकांची कंत्राटं पळवायला टपलेले असतात. संशोधनाचा पैसा काही सरकारी, काही त्यांच्या खिशातला. कल्पना आधी विद्यापीठात तपासायची, मग खऱ्या कंट्रोलरना नकली पडद्यापुढे बसवून बघायची, शेवटी खऱ्या वाहतुकीत. कंट्रोलर सुरुवातीपासून सोबत असणं महत्त्वाचं. ज्याने ती वापरायची त्याला न विचारता बनवलेली यंत्रणा कपाटात जाते.

सगळे एकत्र नसले की काय होतं, याचं उदाहरण युरोपातच आहे. पायलट आणि कंट्रोलर यांनी बोलण्याऐवजी लेखी संदेश पाठवावेत असा नियम तिथे २००९ मध्ये झाला. विमानांसाठी मुदत होती फेब्रुवारी २०१५. बऱ्याच विमानांत उपकरणं बसली, आणि मग जोडणी अधूनमधून तुटायला लागली. तपासात कळलं की एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी गर्दी केली आहे. मुदत २०२० पर्यंत ढकलावी लागली. नियम आधी आणि जुळवाजुळव नंतर, त्याची किंमत पाच वर्षं.

जमलेलं उदाहरण लंडनच्या हीथ्रोचं आहे, आणि मला ते फार आवडतं. कारण त्यात नवी धावपट्टी नाही की नवं विमान नाही, फक्त विचार बदलला आहे. उतरणाऱ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे सुटतात. मागचं विमान त्यांत सापडलं तर उलटंपालटं होऊ शकतं, म्हणून दोघांत ठरावीक मैलांचं अंतर ठेवायचं. समजा ते ४ सागरी मैल आहे आणि विमानाचा हवेतला वेग १४० नॉट, म्हणजे तासाला १४० सागरी मैल. वारा नसेल तर हे अंतर कापायला साधारण १०३ सेकंद लागतात. आता समोरून ४० नॉटचा वारा सुटला. जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग १०० वर आला, आणि त्याच ४ मैलांना १४४ सेकंद लागले. तासाला पस्तीस उतरायची ती पंचवीसच उतरली. बाकीची दहा घिरट्यांवर, आणि दुसऱ्या शहरांतली तितकीच आपापल्या ओझरला अडकलेली.

इथे संशोधकांनी साधा प्रश्न विचारला. मैल कशाला मोजता? भोवरा विरायला वेळ लागतो, मग वेळच मोजा की. जोराच्या वाऱ्यात भोवरे उलट लवकर विरतात. पण असं नुसतं म्हणून भागत नाही, जीव गुंतलेले असतात. म्हणून लायडर या प्रकाशकिरणांच्या उपकरणाने लाखाहून जास्त विमानांमागचे भोवरे मोजले गेले. कंट्रोलरच्या पडद्यावर वाऱ्याप्रमाणे सरकणारी खूण आली: पुढच्या विमानामागे इतक्या अंतरावर मागचं आणा. मार्च २०१५ पासून हीथ्रोत हे रोज चालू आहे.

स्वीडनच्या ओर्नशोल्ड्सविक या छोट्या विमानतळाचा टॉवर तर एप्रिल २०१५ पासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, सुंड्सवालमध्ये बसून चालवला जातो. कॅमेरे तिथे, माणूस इथे. २०२१ मध्ये लंडन सिटीसारखा गजबजलेला विमानतळही तसाच चालू झाला. दिवसाला मोजकीच विमानं असलेल्या आपल्याकडच्या लहान विमानतळांना ही कल्पना उपयोगी पडावी, असं मला वाटतं.

पण युरोपने सगळं साधलं असं समजू नका. तिथल्याच लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये अहवाल दिला, त्याचा मथळाच असा होता की संस्कृती बदलली, पण आकाश काही एक झालं नाही. यंत्रं एकत्र येतात, सार्वभौम देश येत नाहीत.

असं एकत्र बसणं आपण नाशिकमध्ये लहान प्रमाणावर पाहिलंय. २०१५च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक आणि मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन सुरू झालं. विद्यार्थी, उद्योजक, डॉक्टर आणि महापालिकेची माणसं एका टेबलावर बसून गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय यांवर उपाय शोधायची. रस्त्यावरची गर्दी असो की हवेतली, टेबलावर कोण कोण बसलंय यावर बरंच ठरतं.

गगन आणि संध्याकाळचे बुडबुडे

भारताचं स्वतःचं उदाहरण म्हणजे गगन. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून केलेली ही यंत्रणा.

मोबाइलमधलं जीपीएस दहा-पंधरा मीटर चुकलं तर आपण शेजारच्या गल्लीत शिरतो. विमान उतरताना तेवढी चूक परवडत नाही. चुकीचं मोठं कारण आहे आयनोस्फिअर, म्हणजे जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना रेंगाळतो. अमेरिका आणि युरोप यांनी यावर उपाय काढला होता: माहीत असलेल्या जागी जमिनीवर केंद्रं बसवायची, तिथे चूक किती येते ते मोजायचं आणि ती दुरुस्ती दुसऱ्या उपग्रहावरून विमानांना कळवायची. मग तेच आणून इथे लावायचं, काम झालं?

नाही झालं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये रॉकेटसाठी थुंबा निवडलं गेलं तेही याचमुळे. या पट्ट्यात तो थर भलताच लहरी. दिवसा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास त्याचा उंचवटा येतो, आणि सूर्य मावळल्यावर त्यात विरळ बुडबुडे उठतात, त्यांतून येणारा संदेश लुकलुकतो. उत्तरेकडच्या देशांसाठी बनवलेलं गणित इथे चालत नाही. म्हणून देशभर मापनकेंद्रं बसवून वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या, विद्यापीठांनाही सोबत घेतलं, आणि या पट्ट्यासाठी वेगळं गणित तयार झालं. जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांवरून त्या दुरुस्त्या आता येतात. विमान उतरवताना उंचीचंही मार्गदर्शन करायची मान्यता एप्रिल २०१५ मध्ये मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये अजमेरजवळच्या किशनगढला एटीआर ७२ विमान चाचणी उड्डाणात गगनच्या आधाराने उतरलं.

यातली मेख अशी. ढगाळ हवेत उतरायला मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या टोकाला महागडी रेडिओ यंत्रणा बसवलेली असते, आणि तिची सतत देखभाल लागते. गगनला विमानतळावर तसं काही लागत नाही. मात्र विमानात त्याचा रिसीव्हर हवा, आणि तो असलेली विमानं सुरुवातीला फार थोडी. परत तेच, तू हो पुढे. मार्च २०२४ मध्ये हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर प्राधिकरणाच्या नागरी विमान संशोधन केंद्राचं उद्घाटन झालं. अशा गाठी सोडवणं हे त्याचं काम असावं, अशी माझी अपेक्षा.

नाशिकच्या आकाशाचे वाटेकरी

आपल्या डोक्यावरचं आकाश कोणाकोणाचं, ते बघा. ओझरचा विमानतळ मुळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा. १९६४ मध्ये मिग-२१ बनवायला कारखाना निघाला, पुढे सुखोई-३० आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. ओझर-पिंपळगावकडच्या माणसाला सवयच आहे, डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की वाक्य अर्धं सोडायचं आणि आवाज विरला की पुढे न्यायचं. देवळालीला तोफखान्याची शाळा, तिथले गोळे काही किलोमीटर उंच जातात. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांचं प्रशिक्षण. या सगळ्यांतून वाट काढत प्रवासी विमान जायचं.

जुनी पद्धत म्हणजे वाटण्या. हा तुकडा लष्कराचा, तो नागरी. लष्कर तो दिवसातून तीन तास वापरो की आठवड्यातून एकदा, बाकीच्यांनी वळसा घालायचा. वडिलोपार्जित वाड्यातली कुलूपबंद खोली जशी. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की भारताच्या आकाशाचा ६० टक्केच भाग नागरी विमानांना मोकळेपणी वापरता येतो, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. उपाय सांगायला सोपा: खोली कायमची कोणाचीच नको, ज्याला ज्या तासाला लागेल त्याने तेव्हा वापरावी, बाकी वेळ दार उघडं. करायला मात्र हवाई दल आणि नागरी कंट्रोलर यांना एकच ताजी माहिती एकाच वेळी दिसायला हवी, आणि दार अचानक बंद करावं लागलं तर आत असलेल्या विमानाचं काय, हेही ठरलेलं हवं.

आकाश अडवून ठेवण्याचा खर्च नुसता इंधनाचा नसतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळली, ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं, ही मुख्य चूक. पण दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश लष्करासाठी राखीव असल्याने येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून सोडली जात, हेही चौकशीत पुढे आलं. नंतर वाटा वेगळ्या झाल्या, आणि टक्कर टाळणारं उपकरण विमानांत सक्तीचं झालं.

दोन ओझर

इतकं सगळं यंत्रांवर सोपवल्यावर ती बिघडली तर? ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत विमानांचे आराखडे कंट्रोलरच्या पडद्यापर्यंत नेणारी संदेशयंत्रणा कोलमडली. कंट्रोलर ते काम हाताने करू लागले आणि ८००हून अधिक विमानांना उशीर झाला. हाताने करू शकणारी माणसं होती, म्हणून निदान उशिरावर निभावलं.

ब्रिटनमधला २८ ऑगस्ट २०२३चा प्रकार आणखी मासलेवाईक. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या आराखड्यात डीव्हीएल हे नाव दोनदा होतं. एक डीव्हीएल अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, दुसरं फ्रान्समधलं दोव्हिल. वाटेतल्या बिंदूंची नावं जगात एकेकच असावीत ही अपेक्षा, पण काही जुनी नावं दोन-दोन ठिकाणी राहून गेली आहेत. ब्रिटनमधून विमान बाहेर कुठे पडतं ते शोधताना संगणकाला चुकीचं डीव्हीएल सापडलं, हिशेब जुळेना, म्हणून सावधगिरीने तो स्वतःच बंद झाला. जोडीला ठेवलेल्या राखीव संगणकाने तोच आराखडा उचलला आणि तोही बंद झाला, कारण दोघांत एकच सॉफ्टवेअर. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले.

हे आईला सांगितलं तेव्हा ती हसली. तिचं माहेर जुन्नरकडचं. पुण्याच्या एसटी स्टँडवर नुसतं "एक ओझर" म्हटलं की कंडक्टर पैसे घेण्याआधी विचारतो, "गणपतीचं का मिगचं?"